आईच्या घराचा जास्तीचा मिळकतकर परत कसा मागायचा?

वाचकाचं पत्र :

नमस्कार ताई,
माझी आई पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. मी नाशिकला असते, भाऊ बंगळुरूला. हा फ्लॅट बाबांनी नवा घेतला आणि २०१९ च्या दिवाळीत आईबाबा तिथे राहायला गेले. पहिल्या बिलापासून बाबा दरवर्षी वेळेत पूर्ण मिळकतकर भरत आले. २०२३ च्या पावसाळ्यात ते आजारी पडले आणि ऑगस्टमध्ये गेले. आता कळतंय की नेमक्या त्याच वर्षी ४० टक्के सवलतीसाठी एक अर्ज भरून द्यायचा होता. आमच्याकडून तो राहून गेला. शेजारच्या काकूंचं तेवढ्याच घराचं बिल साडेनऊ हजारांच्या आसपास येतं आणि आईचं सोळा हजार. त्यात २०२४ मध्ये आईने चेकने कर भरला आणि त्याच आठवड्यात भावाने ऑनलाइनही भरला, म्हणजे एका वर्षाचे पैसे दोनदा गेले. बिल अजून बाबांच्याच नावाने येतं. भाऊ म्हणतो, ‘तू जवळ होतीस, तू बघायला हवं होतंस.’ सोसायटीतले एक काका म्हणतात, महापालिकेकडे गेलेला पैसा परत येत नाही. आणि आई म्हणते, ‘जाऊ दे, ते असते तर त्यांनी बघितलं असतं.’ खरंच सोडून द्यावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर :

सोडून देऊ नका. आईला दरवर्षी सहा हजारांच्या वर जास्त भरावे लागत असतील, तर ती रक्कम एकट्या बाईच्या घरखर्चात छोटी नाही. शिवाय ही गळती थांबलेली नाही. अर्ज गेला नाही तर पुढच्या एप्रिलमध्येही बिल पूर्ण दरानेच येईल.

आधी भावाच्या बोलण्याबद्दल. ज्या महिन्यांत वडील आजारी होते आणि मग गेले, त्या महिन्यांत कराचा अर्ज कुणाच्या ध्यानात राहील? दोष तुमचाही नाही, त्यांचाही नाही. भावाला एवढंच सांगा की तुझ्या बँकेचा २०२४ मधल्या त्या भरण्याचा उतारा आणि ऑनलाइन पावती पाठवून दे. त्या दोन कागदांचं काम पुढे पडणार आहे आणि ते त्यांच्याकडेच आहेत.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात ‘जास्त गेलेले पैसे’ असा एकच आकडा दिसतो, पण त्यात दोन अगदी वेगळ्या रकमा आहेत आणि शिवाय नावाचा प्रश्न आहे. लोक इथेच अडकतात. सगळी हकिगत एका लांब अर्जात लिहितात, तो अर्ज कुणाच्या टेबलावर जावा हेच ठरत नाही आणि सहा महिन्यांनी उत्तर येतं, ‘कागदपत्रं अपूर्ण.’ म्हणून प्रत्येक मागणीचा अर्ज वेगळा करा. प्रत्येकाला स्वतंत्र कागद जोडा आणि प्रत्येकाच्या स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे ठेवायच्या प्रतीवर, आवक क्रमांकाचा शिक्का घ्या.

दोनदा भरलेल्या कराचं प्रकरण सगळ्यात सरळ आहे. एका वर्षाची एकच मागणी होती, ती चेकने पूर्ण झाली, म्हणजे दुसऱ्या रकमेवर महापालिकेचा हक्कच उरत नाही. चुकून दिलेला पैसा घेणाऱ्याने परत द्यावा, हे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे आणि त्यातून सरकारी यंत्रणा सुटत नाहीत. फक्त अर्ज करण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, भावाच्या खात्यातून पैसे गेले तेव्हा पावती निर्माण झाली होती का? कधी कधी पैसे खात्यातून वजा होतात पण व्यवहार पूर्ण होत नाही, आणि ते काही दिवसांनी बँकेतच परत येतात. उताऱ्यात पुढच्या पंधरा दिवसांच्या नोंदी नीट वाचा. दुसरी, २०२५-२६ चं बिल काढून मागील बाकीचा रकाना बघा. जादा भरलेली रक्कम पुष्कळदा आगाऊ जमा म्हणून पुढच्या बिलात वजा झालेली असते आणि घरातल्यांना पत्ता नसतो. तसं झालं असेल तर हा विषय तिथेच संपला. नसेल झालं, तर दोन्ही पावत्या, चेक वटल्याची नोंद असलेलं आईचं पासबुक आणि भावाचा उतारा जोडून अर्ज द्या.

दोन्ही पावत्यांवरचा मिळकत क्रमांक एकच आहे ना, तेही तपासा. एखादा आकडा चुकला आणि पैसे भलत्याच घराच्या खात्यात जमा झाले, तर मागणी बदलते. मग ‘चुकीच्या मिळकत क्रमांकावर जमा झालेली रक्कम आमच्या खात्यात वळती करावी’ असं लिहावं लागतं, आणि त्या दुसऱ्या खात्याने तोवर ती वजावट वापरली असेल तर वेळही जास्त जातो.

रोख परतावा मागायचा की पुढच्या बिलात वजावट? माझं मत वजावटीच्या बाजूचं आहे. रोख परताव्याला बँकेचे तपशील, मूळ पावती, लेखा विभागाची तपासणी असा मोठा फेरा पडतो. आई त्याच घरात राहणार असेल, तर पुढच्या वर्षीचं बिल तेवढ्याने कमी येणं हे पैसे हातात आल्यासारखंच आहे. घर विकायचं ठरत असेल तरच रोख मागा, कारण विकल्यावर ती वजावट नव्या मालकाच्या पदरात पडेल. मुदतीचंही ध्यानात ठेवा. चुकून दिलेल्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षं धरली जाते. तुमच्या हातात वेळ आहे, पण हा अर्ज या वर्षाच्या पुढे ढकलू नका.

आता ४० टक्क्यांचं. इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे, कारण तुमचा हक्क त्यातूनच येतो.

पुणे महापालिका १९७० पासून, मालक स्वतः राहत असलेल्या निवासी घराला आकारणीत ४० टक्के सवलत देत आली. घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती भाडं आलं असतं, याचा एक अंदाज महापालिका धरते. स्वतः राहणाऱ्याच्या बाबतीत त्यातले ४० टक्के सोडून द्यायचे, मग दुरुस्तीसाठी ठरावीक वजावट करायची आणि उरलेल्या वार्षिक करयोग्य मूल्यावर कर लावायचा. समजा अंदाजी वार्षिक भाडं ३०,००० रुपये आहे. सवलत नसेल तर १० टक्के दुरुस्ती वजा जाता करयोग्य मूल्य २७,००० होतं. सवलत असेल तर आधी १८,००० आणि मग १६,२०० होतं. सर्वसाधारण कर, जलनिःसारण, शिक्षण कर अशा बहुतेक ओळी याच मूल्यावर उभ्या राहत असल्याने फरक बिलभर पसरतो. काकूंच्या आणि आईच्या बिलात दिसणारी तफावत हीच आहे.

पुढे लेखापरीक्षणात या सवलतीवर आक्षेप निघाले, राज्य शासनाने महापालिकेचा तो ठराव रद्द केला आणि २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना पूर्ण दराने बिलं जाऊ लागली. तुमच्या आईबाबांचं घर नेमकं याच गटातलं. बाबांनी इमानाने भरलेलं प्रत्येक बिल त्या वेळच्या नियमाप्रमाणे बरोबरच होतं, त्यांची काही चूक झाली नव्हती. हे आईला मुद्दाम सांगा. ‘ते असते तर त्यांनी बघितलं असतं’ या वाक्यामागे, आपल्याला व्यवहार जमत नाही ही तिची खंत मला दिसते. पण त्या वर्षांमध्ये हिशोबात तरबेज असलेल्या माणसांनीही पूर्ण दरानेच कर भरला आहे.

पुणेकरांची ओरड झाली आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा लागू करण्याचा निर्णय घेतला. १ एप्रिल २०१९ पासून ज्यांना ती मिळाली नव्हती त्यांनी पीटी-३ हा अर्ज भरून, आपण त्या घरात स्वतः राहतो हे दाखवायचं होतं. २०१९ ते २०२३ या काळात ज्यांनी पूर्ण दराने कर भरला, त्यांच्या फरकाची रक्कम २०२३-२४ पासून चार वर्षांच्या बिलांतून समान हप्त्यांत वळती करायची, असं ठरलं. अर्जासाठी त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत होती. तुमचा अर्ज राहिला तो हाच.

म्हणून पीटी-३ च्या अर्जासोबतच्या पत्रात तीन काळ वेगळे लिहा. चालू वर्ष आणि पुढची वर्षं हा एक. २०२३-२४ पासून गेल्या वर्षापर्यंतचा काळ हा दुसरा. आणि २०१९ मधल्या पहिल्या बिलापासून मार्च २०२३ पर्यंतचा तिसरा. पहिल्या काळाची मागणी भक्कम आहे, कारण सवलत आज लागू आहे आणि आई तिथे राहते. मागच्या दोन काळांसाठी मुदत चुकल्याचं कारण द्यावं लागेल, आणि तुमचं कारण खरं आणि कागदावर सिद्ध होणारं आहे. ज्यांच्या नावावर मिळकत होती ते मुदतीच्या काळातच वारले. मृत्यूचा दाखला जोडा, रुग्णालयाचे कागद असतील तर तेही जोडा, आणि मुदत चुकल्याबद्दलची विनंती दोन ओळींत करा. तिन्ही काळ एकत्र मागितले तर मागच्या वर्षांच्या वादात चालू वर्षाची सवलतही लटकत राहते. वेगळे मागितले तर चालू वर्षाचं काम लगेच उरकता येतं.

अर्जाला २५ रुपये शुल्क आहे. सोबत सोसायटीचं पत्र लागेल, की अमुक सदनिकेत श्रीमती अमुक स्वतः राहतात आणि ती भाड्याने दिलेली नाही. शिवाय त्या पत्त्याचा पुरावा म्हणून मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅसचं कार्ड किंवा शिधापत्रिका यांपैकी काहीही चालतं. आईचं शिधापत्रिकेवरचं किंवा मतदार यादीतलं नाव अजून जुन्या पत्त्यावर असेल, तर आधी ते बदलून घ्या. गॅसची जोडणी बाबांच्या नावावर असेल तर तिच्यासोबत मृत्यूचा दाखला लावा. पुणे महापालिकेच्या हद्दीत कुटुंबाची दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत मागतात, कारण सवलत एकाच राहत्या घराला मिळते. तुमचं नाशिकचं घर त्या हद्दीबाहेर आहे, त्याची काळजी नको. आणि आईने मधल्या काळात एखादी खोली भाड्याने दिली असेल तर ते लपवू नका. पाहणीला येणारा निरीक्षक शेजारी विचारतो, आणि खोटं निघालं तर बाकीचे खरे कागदही संशयात सापडतात.

आता नावाचं. मिळकत ज्याच्या नावावर आहे तो वारला, तर ज्यांच्याकडे हक्क आला त्यांनी मृत्यूपासून वर्षभरात महापालिकेला लेखी कळवायचं, असा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या करविषयक नियमांमध्ये दंडक आहे. ते वर्ष उलटून गेलं असलं तरी अर्ज देता येतो, तो द्याच. मृत्यूचा दाखला, भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) किंवा सोसायटीचं नामनिर्देशन, सगळ्या वारसांची नावं आणि तुम्ही दोघा भावंडांचं संमतीपत्र, एवढ्यावर साधारणपणे काम होतं. करपावतीवर नाव लागलं म्हणून कुणी एकटं मालक ठरत नाही आणि तुमचा किंवा भावाचा वारसाहक्क त्यामुळे जात नाही. हे भावाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे संमतीपत्रावर सही करताना शंका उरणार नाही. नाव लागेपर्यंत पीटी-३ थांबवू मात्र नका. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या आणि एकाच्या पत्रात दुसऱ्याचा आवक क्रमांक लिहा.

पत्राचा मजकूर लांब नको. मी असा लिहीन :

‘प्रति, मा. उपायुक्त, करआकारणी व करसंकलन विभाग, पुणे महानगरपालिका. विषय : मिळकत क्रमांक अमुक, स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीस ४० टक्के सवलत लागू करणे व मागील फरक समायोजित करणे. महोदय, वरील मिळकतीत मी २०१९ पासून स्वतः राहत आहे. मिळकत माझे पती यांच्या नावे असून त्यांचे ऑगस्ट २०२३ मध्ये निधन झाले. त्याच काळात पीटी-३ अर्जाची मुदत असल्याने तो सादर करता आला नाही. विनंती अशी की, (अ) चालू वर्षापासून सवलत लागू करून सुधारित बिल द्यावे, (आ) १ एप्रिल २०२३ पासून मागील वर्षापर्यंत जादा भरलेली रक्कम समायोजित करावी, (इ) प्रथम आकारणीपासून ३१ मार्च २०२३ पर्यंतच्या फरकाची रक्कमही समायोजित करावी. यांपैकी कोणतीही मागणी मान्य होत नसल्यास तसे कारणांसह लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. तोंडी नकाराला पुढे काहीच करता येत नाही, लेखी नकारावर दाद मागता येते. पत्राखाली सही आईची हवी. तुम्ही धावपळ करा, पण अर्जदार तीच. तिला सोबत नेता आलं नाही तर तिने तुम्हाला दिलेलं साधं अधिकारपत्र आणि दोघींची ओळखपत्रं जवळ ठेवा. अर्ज आपल्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा नागरी सुविधा केंद्रात देता येतो. नाशिकहून एका फेरीत काम व्हावं म्हणून तिन्ही संचांच्या दोन-दोन प्रती घरूनच करून न्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते. निकाल लागेपर्यंत चालू बिल थकवू नका. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, बसते. भांडण सहा हजारांचं आणि शास्ती पूर्ण सोळा हजारांवर, असं व्हायला नको. ‘हरकत राखून भरणा करीत आहे’ असं पत्र देऊन कर भरा आणि त्याचीही स्थळप्रत ठेवा. असं केल्याने, पैसे भरले म्हणजे बिल मान्य होतं, असा अर्थ कुणाला काढता येणार नाही. वेळेत भरल्यास सर्वसाधारण करात मिळणारी छोटी सूट आहे ती वेगळी, तीही हातची जाऊ नये.

बिल हातात आहेच तर क्षेत्रफळही बघून घ्या. नव्या इमारतींच्या पहिल्या आकारणीत बिल्डरने दिलेल्या यादीवरून क्षेत्रफळ चढवलेलं असतं, आणि करारनाम्यातला चटई क्षेत्राचा आकडा, बांधकाम क्षेत्र, पार्किंग यांची सरमिसळ झालेली मी अनेक वाचकांच्या बिलांत पाहिली आहे. शेजारच्या काकूंच्या बिलावरचा आकडा तुमच्यासमोर आहे, दोन्ही बिलं शेजारी ठेवून ताडून बघा. तफावत दिसली तर माहितीच्या अधिकाराखाली आकारणी नोंदीची प्रत मागवा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. क्षेत्रफळाची दुरुस्ती प्रत्यक्ष मोजणी झाल्यावरच होते आणि ती बहुतेक चालू वर्षापासून धरली जाते, म्हणून त्या तक्रारीला उशीर परवडत नाही. वादाचा मुद्दा नवीन आकारणीचा असेल आणि आयुक्तांकडच्या हरकतीवर निकाल झाला असेल, तर अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात जाता येतं. पण मुदत फक्त पंधरा दिवसांची आहे आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. तुमच्या प्रकरणात मी त्या वाटेला लगेच जा म्हणणार नाही. वकिलाचा खर्च फरकाच्या रकमेला गिळेल.

त्याऐवजी आतल्या पायऱ्या चढा. आधी पेठ निरीक्षक, मग विभागीय निरीक्षक, मग उपायुक्त. महिना उलटला आणि हालचाल नसेल तर आवक क्रमांक देऊन स्मरणपत्र द्या. त्यानंतर राज्य शासनाच्या ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, किंवा महापालिकेच्या लोकशाही दिनात, म्हणजे तक्रारी ऐकण्याच्या ठरलेल्या दिवशी, प्रकरण ठेवा. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. मालमत्ताकराच्या बऱ्याच सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. नाव लावण्याच्या अर्जाला उशीर झाला तर त्या कायद्याखालचं पहिलं आणि दुसरं अपील चांगलं उपयोगी पडतं. अर्जात राग नको. तिथला कर्मचारी रोज अशा कागदांच्या ढिगाखाली असतो. मिळकत क्रमांक ठळक, मागणी तीन ओळींत आणि कागद क्रमवार लावलेले असतील, तर तुमची फाइल हातात घेणं त्यालाही सोपं जातं.

एक सावधगिरी. सवलत मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणारी माणसं क्षेत्रीय कार्यालयांच्या आसपास भेटतात. २५ रुपयांच्या अर्जाला मध्यस्थ लागत नाही. आईला हेही सांगून ठेवा की ‘मिळकतकराचा परतावा मंजूर झाला’ असा फोन किंवा लिंक आली तर ती उघडायची नाही आणि ओटीपी कुणालाही द्यायचा नाही. परतावा असो की वजावट, तिला ती बिलावर किंवा लेखी पत्रानेच कळेल.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं. पीटी-३ हा पुण्याचा अर्ज आहे, तुमच्या गावात तो शोधू नका. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. तिथे माफीच्या मर्यादेतल्या घराला बिल येत असेल तर प्रश्न क्षेत्रफळाच्या नोंदीचा असतो. ग्रामपंचायतीत घरपट्टीचा वाद असेल तर आकारणीची नोंद नमुना ८ मध्ये आणि मागणीची नमुना ९ मध्ये सापडते. आधी त्यांच्या प्रती काढा, मग ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे ग्रामसेवक) बोला. दोनदा भरलेल्या कराबद्दल वर जे लिहिलं आहे, ते मात्र कुठेही लागू पडतं.

आता तुमच्या आईच्या ‘जाऊ दे’बद्दल. त्यावर वाद घालू नका. बाबांनी कराच्या पावत्या नक्कीच कुठेतरी एकत्र ठेवलेल्या असतील, कारण वेळेवर कर भरणारी माणसं पावत्या टाकत नाहीत. ती फाइल काढायला आईला सांगा आणि फोनवर २०१९ पासूनची प्रत्येक पावती तिच्याकडून वाचून घ्या : वर्ष, रक्कम, पावती क्रमांक, तारीख. तुम्ही इकडे वहीत लिहीत जा. अर्जाला जोडायचा तक्ता त्यातूनच तयार होईल, आणि आपल्या घराचा हिशोब आपल्याला कळतो आहे, हे तिलाही जाणवेल. एखाद्या वर्षाची पावती सापडली नाही तर महापालिकेच्या मिळकतकराच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकून आधीचे भरणे बघता येतात.

अर्ज मान्य झाल्याचं पत्र आलं तरी फाइल मिटवू नका. एप्रिलमध्ये नवीन बिल आलं की तीन ठिकाणी बघा : वार्षिक करयोग्य मूल्य घटलं आहे का, मागील फरकाचा हप्ता वजा झाला आहे का, आणि नाव आईचं लागलं आहे का. यांतलं एखादं राहिलं असेल तर मंजुरीच्या पत्राची प्रत लावून बिल भरण्याआधीच दुरुस्ती मागा. त्या वेळी मला बिलाचे आकडे कळवा, पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.